गुलाबची सळई

गुलाब चावी फिरवून पाणीपुरवठ्याचे वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडायचा, मी खड्डे खोदायचो. पंचवीस वर्षे तो म्हणाला तिथे मी कुदळ मारली. पाच फूट खोल. मुरूम लागला तर एका माणसाचे चार तास. तो किती चुकतो हे माझी पाठ सांगू शकत होती. फार कमी चुकायचा.

त्याचे हत्यार म्हणजे एक लोखंडी सळई. जमिनीत ठोकून एक टोक पाइपाला भिडवायचे, दुसरे कानामागच्या हाडाला. पाणी फुटते तिथे आवाज होतो आणि पाइपातल्या पाण्यातून दोन्हीकडे धावतो. ऐकताना गुलाब श्वास धरायचा. कुणी खोकले की शिवी द्यायचा. तिगावहून सायकलने यायचा, चौथी शिकलेला, शेवटपर्यंत रोजंदारीवर.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी सावरगावच्या एका गल्लीत पाणी येईना. पाइपाची फूट दिसेना. लोक म्हणाले, गुलाबने यशवंतरावांच्या संत्र्याच्या बागेला चोरून जोड दिला. मलाही तसेच वाटले. त्याच्या घरी नुकतीच नवी मोटरसायकल आली होती.

पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर, उपयंत्री श्रीधर साहेब यांनी फूट शोधायचे मशीन मागवले. शंभर मीटर अंतरावरच्या दोन वॉलवर दोन डबे चिकटवले. आवाज कोणत्या डब्यावर किती आधी पोचतो, त्यावरून मशीन जागा काढते. नकाशात बिडाचा पाइप होता, साहेबांनी मशीनमध्ये तेच भरले. पहिल्या वॉलपासून वीस मीटर, असे निघाले.

मी खोदले. कोरडे.

गुलाब सळई ठोकत ठोकत साठ मीटरवर, त्याच गल्लीतल्या मोरेश्वरच्या ओट्यासमोर थांबला.

"इथं हाय, साहेब. याच्यापुढं पाइप मुकाच झाला."

"इतकं नेमकं कसं कळलं तुला?" साहेबांनी विचारले.

ओट्यावरून मोरेश्वर म्हणाला, "चोराले आपलं बीळ मालूमच असते ना!"

"खोदून पाहा. माहा जोड निंघाला तर वॉलची चावी घेऊन घ्या."

"चावी आत्ताच दे," साहेब म्हणाले. "खोदल्यावर बघू."

चावी गेली म्हणजे कामच गेले. त्याने दिली.

मग मी बोललो. तीन वर्षांपूर्वी गोटमार, म्हणजे आमची दगडफेकीची जत्रा, दोन दिवसांवर आली होती, ठेकेदाराला रस्त्यातला चर बुजवायची घाई होती. बिडाचा पाइप कमी पडला. दुसऱ्या वॉलपर्यंतचे चाळीस मीटर प्लास्टिक टाकले. नकाशात कुणी लिहिले नाही. तो चर मीच खोदला होता.

साहेब कपाळाला हात लावून बसले. प्लास्टिकची भिंत मऊ, म्हणाले. तिच्यात आवाज रेंगाळतो आणि लवकर मरतो. दुसऱ्या डब्यावर उशिरा पोचला, म्हणून मशीनला तो लांबून आला असे वाटले.

"सकाळपासून खोदून राहिला," गुलाब मला म्हणाला, "अन् आता सांगून राहिला?"

"इसरलो होतो बे."

खोटे बोललो. सकाळीच आठवले होते. तो पकडला जातो का, ते मला पाहायचे होते. त्या शंकेपायी माझे चार तास फुकट गेले.

साठ मीटरवर खोदले. बीड आणि प्लास्टिक यांचा सांधा सुटला होता, पाणी खालच्या जुन्या नालीत जात होते. चोरीचा जोड नव्हता.

साहेबांनी चावी पुढे केली. गुलाबने घेतली नाही.

"आधी नकाशात लिहा. अन् याची सही घ्या."

मी सही केली. मग त्याने चावी घेतली.

पुढचे सात महिने, निवृत्तीपर्यंत, माझ्या प्रत्येक खड्ड्याच्या काठावर तो उभा राहिला. पाणी लागेपर्यंत हलायचा नाही. बघायचा मात्र माझ्याकडे.