साच्याचा सांधा

पेणला मी गणपतीचे साचे बनवतो, म्हणून डॉक्टरांनी पुढे ठेवलेला प्लास्टिकचा साचा मी संशयानेच उचलला. कर्करोगामुळे बायकोचा डावा स्तन काढला होता. उजव्याच्या स्कॅनवरून, आरशात दिसावा तसा उलटा करून, हा साचा थ्री-डी प्रिंटरवर छापला होता. त्यात तिच्याच पोटावरची चरबी बसवून डॉक्टर नवा स्तन घडवणार होते.

"हा आत तर राहणार नाय ना?" मी विचारलं.

डॉक्टर नाही म्हणाले. तरी मी गणपतीच्या साच्याला असतो तसा दोन भागांमधला सांधा अंगठ्याने शोधत राहिलो.

"गणपती नाय तो," शेजारी बसलेली बायको म्हणाली. "माझी छाती कापल्यापासून माझ्याकडं एकदा तरी असं निरखून बघितलंत?"

मी साचा ठेवला, पण नजर टेबलावरून उचलली नाही. तिची जखम मी तोवर पाहिलीच नव्हती.