जावयाला भीती वाटते म्हणून

शिरूरहून रांजणगावला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये मला भुतांचा जाणकार समजतात. शनिवारी बस सुटली की मागच्या सीटवरून हमखास आवाज येतो, "सर, उद्या काय बघू? पण खरंच फाटली पाहिजे बरं का, मागच्या वेळसारखं नको." पेंट शॉपमधला एक बिहारी ऑपरेटर तर मला बघताच हात जोडतो, "भाईसाब, कुछ ऐसा बताओ कि रात को बाथरूम जाने में सोचना पड़े." मग मी खिडकीबाहेर बघत, फार विचार केल्यासारखा चेहरा करतो आणि एखादं नाव टाकतो. घरबसल्या टीव्हीवर नि मोबाईलवर जेवढं म्हणून भयानक मिळतं, ते सगळं ह्या माणसानं पचवलंय, असा बसचा समज होता.

पचवलंय कसलं डोंबल! मी भुताचा पिक्चर बघतो तो रविवारी, भर दुपारी, पुढचं दार सताड उघडं टाकून. गल्लीत भंगारवाला ओरडत असावा, समोरच्यांचा मिक्सर चालू असावा, तरच माझं धाडस होतं. त्यातही आधी नेटवर पूर्ण गोष्ट वाचून घेतो, कोण मरणार, कधी मरणार, सगळं. एवढं करूनही कपाटाचं दार हळूहळू उघडायला लागलं की मी आवाज बंद करतो आणि चष्मा काढून ठेवतो. चष्म्याशिवाय मला भूत आणि पडदा यांतला फरक कळत नाही, त्यामुळं बरंच निभावतं.

मी क्वालिटीत आहे. मालाला पास, रिवर्क, रिजेक्ट म्हणण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, तीच सवय इथं. नुसतं रक्त आणि किंकाळ्या असतील तर रिजेक्ट. आवाज बंद केल्यावर हसू येत असेल तर रिवर्क. आणि बघून झालं, वर चहा झाला, तरी मागं वळून बघावंसं वाटलं तर पास. बसमधले लोक ही प्रतवारी फार मानत. चष्मा काढून तपासलेला माल मी बिनधास्त पास करतोय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. घरी मात्र बायकोला माझी सगळी पोल ठाऊक होती.

मागच्या वर्षी माझी सासू वारली. सासरे दौंडला रेल्वे कॉलनीच्या मागं, स्वतःच्या दोन खोल्यांत एकटेच उरले. मी त्यांना मामा म्हणतो, बायको आप्पा म्हणते. मामा रेल्वेत गँगमन होते. पावसाळ्यात हातात कंदील घेऊन एकट्यानं मैलोन्मैल रूळ तपासत चालायचं, हे त्यांचं काम. एकटं राहण्याचं त्यांना काही वाटत नव्हतं, पण सासू गेल्यापासून ते सकाळी एकदाच भात टाकायचे आणि तोच दोन वेळ खायचे, कधी तेही नाही. एकदा मोरीत घसरून पडले, ते आम्हाला शेजाऱ्यांकडून कळलं. तेव्हापासून त्यांनी फोन उचलला नाही की बायकोचा चेहरा पांढराफटक पडायचा. ती एकुलती एक लेक. तिला काहीही करून बापाला शिरूरला आणायचं होतं. मामांचं उत्तर मात्र ठरलेलं.

"लेकीच्या घरी बाप ऱ्हातो व्हय कुठं? आलं, बसलं, पानी पिलं, निघालं. त्ये बरं दिसतं. लोकं तोंडात शेण घालतील माझ्या."

"पण आप्पा, एकट्याला भीती नाही वाटत का इथं?"

"भीती? मला? आन् कशाची?"

बायकोनं तोच शब्द धरला. दौंडहून परत येताना गाडीवर मागं बसून ती एकदम म्हणाली, "अहो, तुम्ही सगळ्या कंपनीला घाबरवता. माझ्या बापाला घाबरवा की जरा. असं काहीतरी दाखवा, की त्या घरात एकटं राहायला नको वाटलं पाहिजे."

"अगं, पण बघायला शेजारी मला बसावं लागेल."

"बसा की. मी आहे ना!"

पुढच्या रविवारी आम्ही न्हावरा, चौफुला करत दौंडला गेलो. आमची मुलगी पुण्यात होस्टेलला असते. तिनं दिवाळीत आजोबांच्या टीव्हीला नेट जोडून दिलं होतं. त्यावर मामा कुस्त्या बघत. मी खिडकीला चादर लावून अंधार केला आणि एक इंडोनेशियाचा पिक्चर लावला. मेलेल्या बाईचं शिलाई मशीन घरात आपोआप चालतं, अशी गोष्ट. माझ्या लेखी वरच्या दर्जाचा पास. मशीनचं चाक फिरायला लागलं आणि मी हळूच चष्मा काढला. मामा मांडी घालून शांतपणे बघत होते.

"तेल घालाया पायजे त्याला," ते म्हणाले. "लई करकरतंय."

थोड्या वेळानं गुडघ्यावर हात देऊन उठले. "तुमी बघा पाव्हणं, मी च्या टाकतो." मी बायकोकडं बघितलं, तर बाईसाहेब भिंतीला टेकून घोरत होत्या. म्हणजे खोलीत मी आणि ते मशीन. मीही उठलो आणि मामांच्या मागोमाग स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

"बसा की तिकडं, आणतो मी च्या."

"नको मामा, मी उभाच बरा आहे."

त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आलं किसायला घेतलं.

त्याच्या पुढच्या रविवारी मी शेवटचं हत्यार काढलं. एक कोरियन सिरीज. मुलींचं एक होस्टेल असतं आणि रोज सकाळी दाराबाहेर चपलांचा एक जोड जास्त असतो. कुणाचा ते कळत नाही. भूत म्हणून काही दिसतच नाही, त्यामुळं तिथं चष्मा काढूनही उपयोग नसतो. ही सिरीज मी बसमध्ये कुणाला सुचवली नव्हती, कारण दुसऱ्या भागाच्या पुढं जायची माझीच छाती झाली नव्हती.

दौंडला ती लावली. लांबलचक बोळ, टोकाला दार, दारात चपला आणि सगळं चिडीचूप. तेवढ्यात मामांच्या घरामागून मालगाडी गेली. फळीवरची भांडी खणखणली आणि मी "आई गं!" करत थेट मामांच्या मांडीवर. बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. मामांनी मला नीट बाजूला बसवलं, पाठीवर थोपटलं आणि अगदी काळजीनं विचारलं, "काय दिसलं?"

"चपला."

"बरं. मग?"

"एक जोड जास्त आहे मामा!"

ते थोडा वेळ टीव्हीकडं बघत राहिले. मग आपल्या दाराकडं बघितलं. तिथं आमच्या दोघांच्या आणि त्यांच्या, अशा तीन जोड चपला होत्या.

"जोड वाढला म्हनून भ्यायचं असतं व्हय?" ते म्हणाले. "तुमी दोघं गेला की हितं एकच ऱ्हातो पाव्हणं. माझा. कुनाचाबी एक वाढला तर बरंच वाटंल की मला."

मी रिमोट उचलून टीव्ही बंद केला. परत येताना चौफुल्याला आम्ही चहाला थांबलो, तर बायकोनं कप तोंडालाही लावला नाही. डोळे पुसत म्हणाली, "बास झालं. माझ्या बापाला नाही घाबरवायचं आता." मी मान हलवली. मला स्वतःचीच लाज वाटत होती.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. त्यानंतर महिन्याभरात तिचं पुण्याला आठवड्याचं ट्रेनिंग निघालं, राहण्यासकट. घरात मी एकटा. शहाण्या माणसानं अशा वेळी क्रिकेट बघावं. पण तपासणी अर्धवट सोडली की मला चैन पडत नाही, आणि ती चपलांची सिरीज अर्धवट राहिली होती. बायको गेली त्याच रविवारी दुपारी, दार उघडं ठेवून वगैरे सगळा बंदोबस्त करून, मी राहिलेले सगळे भाग एका बैठकीत संपवले. संपले तेव्हा दिवेलागण झाली होती. दार लावायला गेलो, तर दारात चपलांचे दोन जोड!

माझी पाचावर धारण बसली. दुसरा जोड बायकोच्या रोजच्या चपलांचा होता. ती नवीन सँडल घालून पुण्याला गेली होती. हे मला कळलं, नाही असं नाही. पण कळेपर्यंत मी समोरच्या काकूंच्या ओट्यावर पोचलो होतो, अनवाणी.

तिथूनच बायकोला फोन लावला. आधी ती पोट धरधरून हसली, मग "थांबा जरा" म्हणून फोन ठेवला. तिनं दौंडला फोन करून जे आहे तेच सांगितलं, की ह्यांना एकट्याला घरात जाववेना, परक्याच्या ओट्यावर बसलेत. मामांनी मिळाली ती गाडी धरली. मी काकूंकडं जेवण उरकून पुन्हा ओट्यावर बसलो होतो, तर हातात रेक्झिनची बॅग घेऊन गल्लीच्या तोंडाशी मामा.

काकूंनी विचारलं, "लेकीकडं आलात का?"

"छ्या! लेक कुठं हाय घरात?" मामांचा आवाज रुळावरच्या गँगला हाका मारून कमावलेला, तो चार घरं पलीकडं गेला. "जावयाला भ्या वाटतंय, म्हनून आलोय सोबतीला."

गल्लीतला एक जण माझ्याच बसला असतो. सकाळी मी बसमध्ये चढलो, तेव्हा सगळी बस माना वळवून माझी वाट बघत होती. "सर, सासरे आले नाहीत का सोडायला?" बिहारी ऑपरेटरनं छातीवर हात ठेवला, "भाईसाब, आप भी?" इतक्या वर्षांची कमावलेली अब्रू टोलनाका यायच्या आत गेली. त्या दिवसापासून मला कुणी पिक्चर विचारत नाही, तब्येत विचारतात.

ट्रेनिंगहून बायको आली आणि दुसऱ्या दिवशी मामांनी बॅग भरली. बायको बिचारी भिंतीकडं तोंड करून उभी. मी म्हणालो, "मामा, त्या सिरीजचा दुसरा सीझन आलाय."

"मग?"

"एकट्यानं बघवत नाही."

त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा लेकीकडं बघितलं. ते काही दुधखुळे नाहीत. "तुमी लईच भित्रे हाय बगा पाव्हणं," असं म्हणून त्यांनी बॅग खाली ठेवली.

तेव्हापासून दर आठवड्याला मी काहीतरी नवीन शोधून काढतो, आणि दर आठवड्याला ते माझ्यावर उपकार केल्यासारखे थांबतात. दिवसातून दोनदा गरम जेवतात, अंगावर थोडं मांसही आलं. पण बॅग काही उघडून ठेवली नाही. कपडे धुतले, वाळले, घडी घातले की परत बॅगेत, आणि बॅग दाराशी. बायको म्हणायची, "अजून ते पाहुणेच आहेत. कधी उठून जातील नेम नाही." ती शाळेतून आली की आधी बॅग जागेवर आहे का ते बघायची.

मागच्या पंधरवड्यात एका संध्याकाळी ती वेळेवर आली नाही. तिची शाळा न्हावऱ्याच्या रस्त्याला, स्कूटीवर जाते. दिवे लागले तरी पत्ता नाही. फोन बंद. मी मुद्दाम एक स्पॅनिश सिरीज लावून ठेवली होती. त्यात एक बाई जिन्यावरून उलटी रांगत येत होती, पण मामांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते उठून दारात जात, रस्ता बघत, परत येऊन बसत.

"फोन लावा."

"बंद लागतोय मामा."

"परत लावा."

मग ते पायरीवरच जाऊन बसले. मी शेजारी बसलो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"दोनच जोड हायेत दारात," ते म्हणाले. "तिचा न्हाई."

"येईल हो. गाडी पंक्चर झाली असेल."

"मला भ्या वाटतंय पाव्हणं."

मी आत जाऊन टीव्ही बंद केला आणि परत त्यांच्याजवळ येऊन बसलो. खोटं कशाला सांगू, मलाही भीती वाटत होती, आणि ह्या वेळी डोळ्यांवर चष्मा होता. पुढून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दिव्याकडं आम्ही दोघं माना लांब करून बघत होतो.

बऱ्याच वेळानं ती आली, स्कूटी ढकलत, घामाघूम. पंक्चरच झालं होतं, आणि मोबाईलची बॅटरी संपली होती. मामा ताडकन उठले.

"अक्कल गहाण टाकलीस का? दुकानात जाऊन एक फोन करता येत न्हाई? म्हनं मास्तरीण! हितं आमचा जीव टांगनीला लागलाय!"

जिला अख्खी शाळा टरकते ती माझी बायको खाली मान घालून ऐकत होती, आणि रडत होती आणि हसतही होती. तिनं सँडल काढल्या. बोलता बोलताच मामांनी त्या पायानं सरकवून आपल्या चपलांशेजारी लावल्या.

जेवताना भाकरीचा शेवटचा घास झाल्यावर मामा मला म्हणाले, "उद्या सुट्टी हाय नव्हं? दौंडला जाऊ. माझी बाकीची कापडं आनायची हायेत."

वाढता वाढता बायकोचा हात थांबला. मी म्हणालो, "मी कशाला मामा? सकाळच्या एसटीनं जाऊन या की निवांत."

"नगं," ते ताटात हात धुता धुता म्हणाले. "तुमी या संगं. त्या घरात एकट्याला जायाला भ्या वाटतं मला."