दिवसा झोपता येईल असं घर

घर बघायला आलेल्या माणसाला आधी बजेट विचारायचं, ही आमच्या धंद्याची रीत. चाचांनी ती कधी पाळली नाही. ते खुर्ची द्यायचे, पाण्याचा ग्लास पुढे करायचे आणि विचारायचे, "शिफ्ट कुठली? दिवसा झोप लागती का?" चाकणच्या कारखान्यातून आलेला माणूस तिथेच विरघळायचा. रात्रभर मशीनवर उभं राहून दिवसा पत्र्याखाली झोपणं म्हणजे काय, हे आजवर त्याला कुणी विचारलेलंच नसायचं.

'कमी विजेत गार राहणारी, परवडणारी घरं' असा भलामोठा फलक आमच्या साइटवर होता. मी तिथे नवीन लागलेली, चाचा साठीला टेकलेले. मूळचे राजगुरुनगरचे, राहायला काळेवाडीत. उमेदीची सगळी वर्षं कूलर दुरुस्त करण्यात गेलेली. "जन्मभर कूलर चालू केलं, आता कूलर लागू नये म्हनून घरं विकतो. अल्लाचा हिशेब बरुबर हाय," म्हणून स्वतःच हसायचे. दुहेरी भिंत, मधली पोकळी, रुंद छज्जे, गच्चीवरचा पांढरा लेप हे सगळं माहितीपत्रकात होतं. चाचा ते वाचून दाखवत नसत. भर दुपारी गिऱ्हाइकाचा तळवा पश्चिमेच्या भिंतीवर ठेवायला लावायचे आणि म्हणायचे, "आता तुमच्या खोलीची भिंत आठवा."

सॅम्पल फ्लॅटमधला पलंग मात्र त्यांची दुखरी जागा. खोली मोठी दिसावी म्हणून तो मुद्दाम आखूड करून घेतलेला. कुणी आडवं व्हायला लागलं की चाचा धावायचे, "बसा, बसा, चादर नवी हाय!" मग माझ्याकडे बघून पुटपुटायचे, "पाय भाईर आले का धंदा भाईर गेला."

माणूस ओळखायला मला त्यांनीच शिकवलं. "'महाग हाय' म्हनला तर परत येनार. भांडला तर घेतलंच समज. पन 'बघू' म्हनला ना पोरी, तर चहाचे कप उचल." 'बघू' म्हणजे तोंडावर न म्हटलेलं 'नाही'. यात त्यांचा अंदाज कधी चुकला नाही.

एकदाच चुकला, की त्यांनी मुद्दाम चुकू दिला, देव जाणे. चाचांना तिथलं एक घर स्वतःला हवं होतं. मुलगा सलीम चाकणला, कायम थर्ड शिफ्ट. सकाळी काळेवाडीत येऊन पत्र्याखाली पडायचा आणि ऊन चढलं की घामाघूम होऊन उठून बसायचा. एका रात्री मशीनवर डुलकी लागली आणि हात जाता जाता वाचला. तेव्हापासून चाचांना तेवढं एकच दिसत होतं. बँक कर्ज द्यायला तयार होती. चाचांनी आमच्या बिल्डरसाहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "बघू, चाचा."

पहिली इमारत विकली गेली, दुसरी गेली. उत्तर तेच. शेवटी मीच साहेबांना गाठलं. ते आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, माणूस सोन्यासारखा आहे. पण त्यांच्यातल्याला घर दिलं तर बाकीचे घेणारे काय म्हणतील?" माझा तिळपापड झाला. मी तावातावानं भांडले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघू."

चाचांना हे कळत नव्हतं थोडंच? अडकित्त्यातली सुपारी झाली होती त्यांची. सोडावं तर या वयात ठेवणार कोण? राहावं तर रोज दुसऱ्याला सांगायचं, घ्या, दुपारी निवांत झोपा. "वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो," एवढंच म्हणायचे. मला ते ऐकवत नसे.

तिसऱ्या इमारतीत सॅम्पल फ्लॅट तेवढा उरला होता. मे महिन्यातल्या एका दुपारी चाचा सलीमला घेऊन आले. त्याचे डोळे लालभडक, पाय भलतीकडेच पडत होते. "जरा पडू दे त्याला," चाचा म्हणाले. त्या आखूड पलंगावर तो पोटाशी गुडघे घेऊन कलंडला आणि लगेच घोरायला लागला. पंखासुद्धा लावला नव्हता. चाचा दाराबाहेर खुर्ची टाकून बसले.

थोड्या वेळानं साहेबांनी पाठवलेलं एक जोडपं वर आलं. चाचा खुर्चीवरून उठले नाहीत.

"हा गेला," ते म्हणाले.

"पण साहेब तर म्हणाले, शिल्लक आहे."

"आत मानसं राहत्यात. थर्ड शिफ्टचा मानूस झोपलाय. जरा हळू बोला."

नवराही कंपनीतलाच असावा. त्यानं बायकोला खुणेनं गप्प केलं आणि दोघं चपला न वाजवता जिना उतरले.

खाली गेल्यावर त्यांनी साहेबांना विचारलंच. साहेब तणतणत वर आले, आत डोकावले आणि म्हणाले, "चाचा, उद्यापासून येऊ नका."

"व्हय," चाचा म्हणाले. खिशातून साइटच्या सगळ्या चाव्या काढून त्यांनी माझ्या हातात ठेवल्या, दार हलक्या हातानं लोटून घेतलं आणि पुन्हा खुर्चीवर बसले. सलीमची झोप पुरी होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.