आधी मेंढी कुणाची ते सांग

डेटाबेसमधली एकही नोंद बदलण्याआधी बिराजदार मॅडम दहा ओळी मोठ्यानं वाचायला लावत. नुसते क्रमांक वाचले की अडवत. "मेंढी कुणाची ते सांग. क्रमांकाला लस देत न्हाईत." मला हा वेळेचा अपव्यय वाटे. मी चळवळीची पत्रकं वाचत, लिहीत वाढलेली. ‘सर्व’, ‘समस्त’, ‘तमाम’ हे माझे लाडके शब्द.

लोहाऱ्याच्या आमच्या छोट्या संस्थेत मेंढ्यांच्या लसीकरणाची नोंद ठेवली जाई. एका तक्त्यात मेंढ्या, दुसऱ्यात लसीकरणाच्या भेटी. प्रत्येक मेंढीपुढं तिच्या शेवटच्या लसीची तारीख भरायचं काम माझ्याकडं आलं. एकेक ओळ बदलत बसण्यापेक्षा मी ओआरएममधून, म्हणजे पायथनमधलं लिखाण डेटाबेसच्या भाषेत नेणाऱ्या साधनातून, एकच अपडेट लिहिलं. त्याच्या पोटात सबक्वेरी, म्हणजे आतला छोटा प्रश्न: भेटींमधली सर्वांत ताजी तारीख शोध. कुणाची, ते सांगायचं मी विसरले. डेटाबेसनं अख्ख्या तक्त्यातली ताजी तारीख काढली आणि तमाम मेंढ्यांपुढं लिहून टाकली.

सकाळी लस राहिलेल्यांची यादी कोरी निघाली. नळदुर्गकडं मेंढ्यांना देवीची लागण सुरू झालेली, आणि काम उरलं नाही म्हणून आमची लसीची गाडी परत निघालेली. मॅडमनी माझा कोड उघडलाच नाही. तामलवाडीच्या मेंढपाळ सोपानकाकांना फोन लावला. त्यांच्या कळपापर्यंत गाडी पोचलीच नव्हती.

"जिल्ह्यातल्या सगळ्या मेंढ्या एकाच दिवशी रांगंत उभ्या केल्या व्हय गं?" मॅडमनी विचारलं, आणि गाडी थांबवायला सांगितली.

आदल्या दिवशीच्या प्रतीवरून आम्ही नोंदी परत आणल्या. सबक्वेरीनं ज्या मेंढीपुढं लिहायचं तिच्याच भेटी बघाव्यात, अशी अट मी घातली. मला वाटलं, झालं. मॅडम मात्र थांबल्या. काही कळपांच्या तारखा जुन्या वहीवरून थेट मेंढीपुढं उतरवलेल्या होत्या; भेटींच्या तक्त्यात त्यांचा मागमूस नव्हता. त्यांच्यासाठी सबक्वेरीकडं उत्तरच नव्हतं, आणि माझ्या अपडेटनं असलेली तारीख जाऊन तिथं रिकामी जागा झाली असती.

"ज्याचं उत्तर आलं न्हाय, त्याचं हाय ते पुसायचं न्हाय," म्हणत त्यांनी भेटीची नोंद असलेल्या मेंढ्याच तेवढ्या अपडेटसाठी निवडल्या. सर्वांसाठी बोलताना नेमकं कोण सुटतं, हे मला इतक्या सभांत कुणी दाखवलं नव्हतं.

मग त्यांनी मला लसीच्या गाडीत बसवलं. काकांना तूच सांग, एवढंच म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. काका कळपात शिरले.

"मग आता धर ही," म्हणत त्यांनी एक मेंढी माझ्याकडं ढकलली.

दुपार कलेपर्यंत आम्ही लस टोचून घ्यायला मेंढ्या धरत होतो. शेवटची सुटली तेव्हा माझे हात लोकरीनं चिकट झाले होते. मान वर केली तर मॅडम पदर खोचून पलीकडं उभ्या होत्या, गुडघ्यापर्यंत धुळीत. चूक माझी होती. अर्ध्या मेंढ्या त्यांनी धरल्या होत्या.