काळ्या पात्याचा चाकू

लखनौत माझं आडनाव कुणाला कळत नाही. ऑफिसात, भाजीवाल्याकडे, जानकीपुरमच्या आमच्या गल्लीत मी नुसती 'महाराष्ट्रवाली भाभीजी'. आडनाव ऐकून डोळे बारीक करतात ते फक्त आपले मराठी लोक. आम्ही नागपूरकडचे बौद्ध. आडनाव उच्चारलं की पुढचं त्यांना सांगावं लागत नाही. घरापासून इतक्या लांब येऊनही मला ओळखणारे नेमके तेच भेटावेत, याचा मला अजून राग येतो.

तरी मी महिन्याच्या मराठी मेळाव्याला जात होते. नवरा बँकेतून दमून येतो आणि नुसतं हूं हूं करतो. मुलीला मराठीत काही विचारलं तर उत्तर हिंदीत मिळतं. पोटभर मराठी बोलायला मिळायचं ते तिथेच. मेळावा निशातगंजला एका बाईंकडे भरे. त्यांचे साहेब रेल्वेत इंजिनीअर आणि बाईंचा रुबाब साहेबांहून मोठा, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात इंजिनीअरीणबाई म्हणायची. पुरुष हॉलमध्ये राजकारण उगाळत बसायचे. खरा मेळावा स्वयंपाकघरात, जिथे बायका सतरंजी टाकून एकत्र चिरायला बसत आणि तोंडाचा पट्टा सोडत. चाकू जिचा तिनं आणायचा, अशी रीत. इतके दिवस मी ऑफिसातून उशिरा पोहोचायची आणि थेट पंगतीलाच बसायची. या वेळी रजा टाकली. त्या सतरंजीवर मला जागा हवी होती, बाकी काही नको होतं.

माझा चाकू मी सरोजिनी नगरच्या पुढे, कानपूर रोडच्या कडेला बसणाऱ्या लोहारांकडून घेतला होता. साध्या पोलादाचा, स्टेनलेस नव्हे. असं पातं धार छान धरतं, पण नवं असताना जीव खातं. कांदा चिरला तर कांदा काळा पडतो, लिंबू कापलं तर सरबताला लोखंडाची चव येते, आणि जरा ओलं राहिलं की गंज. त्यावर उपाय एकच. गंज चढायच्या आधी आपणच त्याच्यावर रंग चढवायचा, म्हणजे गंजाला सहसा शिरकाव मिळत नाही.

मी पातं साबणानं घासून त्याचं तेल काढलं आणि कैरीत खुपसून ठेवलं. ते राखाडी झालं. मग मोहरी वाटून तिचे ठिपके पात्यावर वाळू दिले. पुसल्यावर खाली ढगाळ नक्षी उमटली. मग चहाची पूड उकळून त्या काळ्या पाण्यात बुडवलं. मुलगी नाक धरून म्हणाली, "मम्मी, यह किचन है या लैब?" शेवटचा रंग मटणानं दिला. गरम मटण कापत गेलं की पात्यावर हळूहळू निळी झाक येते. धुऊन, पुसून, मोहरीच्या तेलाचा हात फिरवला आणि कांदा चिरला. कांदा पांढराच्या पांढरा. मला माझाच अभिमान वाटला, आणि तो चाकू घेऊन मी मेळाव्याला गेले.

बाईंनी तो दोन बोटांत उचलला आणि ही निळाई कशाची म्हणून विचारलं. खरं सांगायची माझी खोड. मी कैरीपासून मटणापर्यंत सगळं रंगवून सांगितलं. बाईंनी चाकू वर्तमानपत्रात गुंडाळून खिडकीत ठेवला, बोटं धुतली आणि साखर पेरल्यासारख्या म्हणाल्या, "तुम्ही हॉलमध्ये बसा बरं. रोज ऑफिस करून दमता." चौक बाजारातले मटणाचे गलावटी कबाब खातानाचे फोटो ग्रुपवर टाकतात, त्या याच बाई. बाकीच्या बायका खाली मान घालून कोथिंबीर निवडत राहिल्या. मी हॉलमध्ये जाऊन पुरुषांचं राजकारण ऐकलं.

घरी नवरा म्हणाला, चाकूचा यात काही संबंध नाही, तुला कळत कसं नाही? मी त्याच्याशीच भांडले. काळं, डागाळलेलं पातं बघून कुणालाही किळस येईल, त्यात मी मटणाचं पुराण लावलं, असं मीच बाईंच्या बाजूनं बोलत राहिले. दोष चाकूचा असता तर तो मला दूर करता आला असता. म्हणून तो मला चाकूचाच हवा होता.

पुढच्या मेळाव्यासाठी मी बाजारातून स्टेनलेसचा चाकू घेतला. चकचकीत, धारेच्या नावानं बोंब. तो पाकिटातून काढलासुद्धा नाही. बाईंच्या स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर पाकीट फाडलं, चाकू नळाखाली धरला आणि सतरंजीच्या कडेला टेकले. बाई लगबगीनं आल्या. "अहो, कशाला? चाकू आहेत की आमच्याकडे भरपूर. तुम्ही आपल्या बसा हॉलमध्ये."

मी चाकू त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं, "मागच्या वेळी चाकू काळा होता. आज काय काळं आहे?"

बाई म्हणाल्या, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. कुणीतरी मिक्सर सुरू केला. मी उठले नाही. परातीतल्या काकड्या पुढ्यात ओढल्या आणि त्या बोथट चाकूनं सगळ्या चिरल्या. कोशिंबीर केली, फोडणी दिली, मीठसुद्धा मीच बघून घातलं. मला कुणी अडवलं नाही.

पंगत उठली तेव्हा पुऱ्या संपल्या होत्या, बटाट्याची भाजी संपली होती, श्रीखंडाचं भांडं चाटूनपुसून साफ होतं. कोशिंबिरीच्या पातेल्यात मी, नवरा आणि मुलगी अशा आम्हा तिघांनी वाढून घेतलं तेवढाच खड्डा होता. बाई पातेलं घेऊन माझ्याकडे आल्या.

"डबा देऊ का? तुम्हीच घेऊन जा, उगाच वाया जाईल."

"काकड्या तुमच्या, दही तुमचं, दाण्याचं कूट तुमचं," मी म्हणाले. "हात तेवढा माझा होता, तो मी घेऊन जाते."