ट्रेलरकाकांचा ब्रेक

सोमवार, सकाळी अकरा. हजर: गाड्यांचं प्रोग्रॅमिंग करणारा निखिल, आवाजांचं काम बघणारी श्वेता, मी आणि ट्रेलरकाका. पहिल्या दिवसाच्या या नोंदीखाली मी लिहिलं आहे: काकांनी चपला काढल्या, टेबलाला जोडलेल्या स्टिअरिंगला नमस्कार केला, मगच बसले.

बेलापूरच्या आमच्या ऑफिसात व्हिडिओ गेम बनतो. त्यात चिलखती ट्रक एकमेकांना ठोकतात, गोळ्या झाडतात. ट्रक हातात खरा वाटतो का हे तपासून चुकांची यादी ठेवणं माझं काम. आमच्यापैकी कुणी मोठी गाडी चालवलेली नव्हती, म्हणून उरणकडच्या काकांना बोलावलं. त्यांनी उभा जन्म बंदरातले कंटेनर ओढण्यात घालवला होता. शुगरमुळे लायसन्स अडकलं होतं. डॉक्टरचं सर्टिफिकेट मिळालं की परत ट्रेलरवर जाणार, असं रोज सांगत.

बोलत कमी, पण बोललेलं थेट यादीत जाई. "बाय, ही गाडी पान्यावर तरंगते. लोखंडाचं वजन कुठं हाय?" आम्ही वजन वाढवलं. समोरच्या ट्रकला धडक द्यायची वेळ आली की मात्र ते ब्रेककडेच वळत.

"काका, ठोका ना बिनधास्त. इथे कोण मरत नाय," निखिल म्हणायचा.

"म्हनूनच तुमी असे चालवता."

त्यांची एक तक्रार काही मिटेना: ब्रेक उशिरा लागतो. आम्ही ब्रेक कडक केला. पुन्हा तेच. आणखी कडक केला. तिसऱ्यांदा निखिल वैतागला. "काका, आता नुसता टच केला तरी थांबतोय."

"उशीरच होते," काका म्हणाले आणि आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिले.

मी मशीनमधल्या नोंदी काढल्या. अडथळा दिसल्यापासून पेडल दाबेपर्यंत कुणाला किती वेळ लागला, सगळं त्यात होतं. ब्रेक पहिल्यापासून बरोबर होता. काकांचा पाय उशिरा पोचत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांना बाजूला घेऊन आकडे दाखवले. ते म्हणाले, "पायाला पेडल कळत नाय, बाय. लय दिवस झाले. डॉक्टरला इचारायची भीती वाटं. म्हटलं, तुमची गाडीच सांगंल."

"मग सर्टिफिकेट?"

"आता कशाला जाऊ?" मग माझ्या वहीकडे बोट केलं. "लिवा. गाडी चांगली हाय."

त्यानंतर ते आले नाहीत. शुगरने बधिर झालेल्या तळव्याला झालेली जखम त्यांना कळलीच नव्हती. पाय गुडघ्याखाली कापला, तरी विष अंगात पसरलं आणि काका गेले. तीन वेळा आम्ही ब्रेक तपासला. पायाला काय झालंय हे मी एकदाही विचारलं नाही.

गेम आता तयार आहे. खेळून बघणारे सांगतात, ट्रकचा ब्रेक फार झटकन लागतो. मूळ सेटिंग आणायला पाच मिनिटंही लागणार नाहीत. निखिलने दोनदा आठवण करून दिली, दोन्ही वेळा मी उद्या म्हटलं. यादीतल्या बाकी सगळ्या ओळींवर खूण झाली आहे. एक उरली आहे: ब्रेक पूर्ववत करणे. जबाबदारी माझी.