सातव्या घरट्याची नोंद

तलाठी म्हणून मी उभी हयात अंबड तालुक्यात काढली आणि आमच्या गावामागचा डोंगर दरवर्षी एका शब्दात उरकला: पोटखराबा. म्हणजे लागवडीला निरुपयोगी, पुढचं पान उलटा. त्या डोंगरावर मी एकदाही चढलो नव्हतो. पाहणी खालच्या टपरीवर चहा घेत व्हायची. डोंगर तिथून बराबर दिसायचा.

निवृत्तीनंतर घरी बसून मी डबे कुठे ठेवावेत यावर बायकोकडे हरकती घेऊ लागलो. तेव्हा पुण्याच्या लेकीनं एक दुर्बीण आणि पक्ष्यांचं पुस्तक पाठवलं. बायकोनं तिला फोन करून आभार मानले, मला नीट ऐकू येईल अशा आवाजात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोंगरावर.

वर सपाट मुरमाड माळ आहे. उन्हाळ्यात तिथे गवताची काडीही उभी नसते. मी चालत होतो आणि एक पक्षी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागला. काळी टोपी, चोचीजवळ पिवळी लोंबती कातडी. माळटिटवी. मी दुर्बीण वर करून तिच्याकडे बघत दोन पावलं मागे सरकलो, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "सायब, पाय."

शेळ्या राखणारी मावशी होती. सत्तरीची असेल. लहानपणापासून तिची शेरडं याच डोंगरावर चरतात. माझ्या टाचेपासून वीतभर अंतरावर खड्यांसारखीच दिसणारी चार अंडी होती. मी हळूच पुढे सरकलो.

"हितं अंडी घालतात?" मी विचारलं.

"मंग कुठं घालतील? झाडावर बसायचे त्यांचे पायच न्हाईत. त्यांना असाच उघडा माळ लागतो. तुमी काय लिव्हलं व्हतं या डोंगराचं?"

"पोटखराबा."

"म्हंजी?"

"निरुपयोगी."

तिनं एकदा अंड्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मला लाज वाटली. आणि लाज वाटलेला तलाठी एकच गोष्ट करू शकतो, ती म्हणजे नवं रजिस्टर उघडणं.

आठवडाभरात मी घरटी हुडकली. सात निघाली. प्रत्येकाला क्रमांक दिला, चतुःसीमा लिहिली: पूर्वेस निवडुंग, पश्चिमेस मोठा धोंडा, दक्षिणेस पायवाट, उत्तरेस वाळलेलं शेण. कुणाचा पाय पडू नये म्हणून शेताची हद्द आखतात तशी चुन्याची फक्की आणून प्रत्येक घरट्याभोवती पांढराशुभ्र गोल आखला. सहा गोल झाले आणि फक्की संपली. सातव्या घरट्याजवळ मी नुसताच उभा राहिलो, आणि ऊन झालं म्हणून खाली आलो. सहा गोलांचा काढलेला फोटो लेकीला पाठवला. तिनं अंगठा पाठवला. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पुढचे तीन दिवस एका लग्नात गेले. चौथ्या दिवशी वर गेलो तर एक नंबर रिकामं. दोन रिकामं. तीनमध्ये टरफलाचा तुकडा. सहाच्या सहा घरटी संपली होती. एक टिटवी रिकाम्या खळग्यावर बसत होती, उठत होती, पुन्हा बसत होती. मला ते बघवेना.

मावशी शेरडं घेऊन समोरून येत होती. मी जागच्या जागी रजिस्टरात 'नष्ट होण्याचे कारण' असा रकाना आखला, लिहिलं 'शेळ्यांचा वावर', आणि तिच्यादेखत वाचून दाखवलं. वर आवाज चढवून विचारलं, "काही म्हणणं आहे?" पूर्वी लोकांना विचारायचो तसंच.

तिनं काठी खाली ठेवली. "उद्या सकाळी लवकर या. माझ्याजवळ बसा. बिलकुल हलू नका."

दुसऱ्या दिवशी आम्ही खडकाच्या आडोशाला बसलो. ऊन वर यायच्या आत वडीगोद्रीच्या बाजूनं, हमरस्त्यावरच्या हॉटेलांकडून कावळे आले. पहिला सरळ एक नंबरच्या गोलात उतरला. आत बघितलं, काही नाही. मग दोन नंबर. मग तीन. मी पाहणीला कधी इतका नेमानं फिरलो नव्हतो. सहाही गोल त्यानं क्रमानं तपासले. सातव्या घरट्यावर टिटवी दगडासारखी बसून होती. कावळा तिच्यावरून गेला आणि थांबला नाही.

"तुमी रेघ मारून राह्यले," मावशी म्हणाली, "अन् ते बसून बघून राह्यले. तुमी रोज येता, वाकता, लिव्हता. त्यांना डोळे न्हाईत का? माझी शेरडं आजवर अंड्यावर गेली न्हाईत. मी त्यांना वळसा घालून नेते."

"मग तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं व्हतं का?"

तिचं खरं होतं. सहा घरट्यांतली चोवीस अंडी माझ्या चुन्यानं दाखवून दिली होती आणि वर मी तिला जबाब विचारला होता. मी माफी मागितली. नीट जमली नाही, सवय नव्हती. ती म्हणाली, "आता ते पांढरं पुसा. नवीन घालतील तर ती बी कावळ्यांना सापडायची."

ते पुसायला दोन सकाळी लागल्या. गुडघ्यावर बसून, खराट्यानं, स्वतःच आखलेली हद्द मोडत. खालच्या टपरीवरून लोक बघत होते. डोंगर तिथून बराबर दिसतो. संध्याकाळी टपरीवाल्यानं विचारलं, "सायब, रांगोळी पुसून राह्यले का?" मी हो म्हणालो.

त्यानंतर सातव्याकडे जायची मला मनाई झाली. लांबच्या खडकापलीकडे पाऊल टाकायचं नाही, मावशीचा हुकूम. रोज सकाळी तिथे बसून मी एकच गोष्ट बघायचो, टिटवी बसलेली आहे की नाही. कावळा त्या बाजूला वळला की तो पुढे निघून जाईपर्यंत मी दुर्बीण खाली घ्यायचो नाही. अख्ख्या नोकरीत मी कशाची इतकी वाट बघितली नव्हती, बदलीचीसुद्धा नाही.

एका सकाळी टिटवी उठून चालू लागली आणि तिच्यामागे मुरमाचे खडे धावू लागले. मी दुर्बीण लावून मोजले आणि रजिस्टरात लिहिलं, 'पिल्ले तीन'.

"चार," मावशी नुसत्या डोळ्यांनी बघत म्हणाली. "एक मायच्या पंखाखाली हाय."

चारच होती. मी तीनवर रेघ मारली, चार लिहिलं. मग मागचं पान उलटलं. 'शेळ्यांचा वावर' खोडून त्याजागी लिहिलं, 'तलाठी, सेवानिवृत्त'. खाडाखोड केली की शेजारी सही करावी लागते. ती केली.

"काय लिव्हलं?" तिनं विचारलं.

मी तिला वाचून दाखवलं. या वेळी आवाज चढला नाही.